नातीचं विमान

बँकेत छत्तीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. कुठलाही प्रश्न पुढे आला की तो कोरा कागद घेतो, उभ्या रेघा मारतो आणि आकडे भरायला बसतो. घराची गच्ची गळत असो, की कादंबरीतल्या पात्रांची वयं एकमेकांशी जुळत नसोत, मी आधी तक्ता करतो. २०२३च्या पावसाळ्यात न्यू जर्सीहून लेकीचा फोन आला, "बाबा, डिसेंबरात बाळाला घेऊन येतोय, विमान कोणतं घ्यावं ते ठरवायचंय," तेव्हाही मी तेच केलं.

बाळ तेव्हा तीन महिन्यांचं होतं. घरात माझी आई, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. फोनच्या पडद्यावर पणती दिसली की ती काचेवरून बोट फिरवायची आणि त्या बोटानं फोन बंद पडायचा. मग पुन्हा जोडा, पुन्हा बोट. पणतू झाला की पणजीवर सोन्याची फुलं उधळतात, अशी आपल्याकडे रीत. पणतीला का नाही, असा आईचा सवाल होता आणि त्याला घरात कुणाकडे उत्तर नव्हतं. तेव्हा येणं ठरलं होतं. प्रश्न फक्त विमानाचा होता.

जावयांनी सहा पर्याय पाठवले. मी तक्ता केला. पहिल्या रकान्यात भाडं, दुसऱ्यात तास, तिसऱ्यात सामान. सगळ्यांत स्वस्त पर्याय असा होता की दोन ठिकाणी विमान बदलायचं, त्यातल्या एका ठिकाणी सामान ताब्यात घेऊन पुन्हा नव्यानं द्यायचं, कारण तिकिटं दोन वेगवेगळी. एकूण छत्तीस तास. पण वाचत होते जवळजवळ पासष्ट हजार रुपये. मी मोठ्या उत्साहानं फोन केला. लेकीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, यात बाळाला किती वेळा उचलावं लागेल?"

हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता. आमच्या भागात 'उचल' म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांनी मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम. या दुसऱ्या उचलीचा हिशेब मी कधी केला नव्हता. ती मोजून दाखवायला लागली. घरातून गाडीत एक, गाडीतून बाबागाडीत दोन, सुरक्षा तपासणीला बाबागाडी घडी करून यंत्रात घालायची, म्हणजे तीन, पुन्हा ठेवायचं चार, विमानाच्या दारात पाच... प्रत्येक विमानबदलाला हे सगळं पहिल्यापासून. माझ्या स्वस्त पर्यायात एकोणीस उचली भरल्या. एकदाच विमान बदलायचं तर अकरा. झोपलेलं मूल एकोणीस वेळा उचलायचं म्हणजे काय, हे ज्यानं एकदा तरी उचललंय त्याला सांगायला नको. मी पासष्ट हजारांवर रेघ मारली. हात जड झाला होता, खोटं कशाला बोला.

तिकिटाचंही एक शास्त्र आहे. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसवायचं असेल तर आंतरराष्ट्रीय प्रवासात साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहा टक्के पडतात, वर कर. दोन वर्षं पूर्ण झाली की स्वतंत्र खुर्ची. भाडं तीन चतुर्थांशाच्या आसपास किंवा पूर्णच. वय तिकीट काढल्याच्या दिवशीचं धरत नाहीत, प्रवासाच्या दिवशीचं धरतात. जाताना मांडीवर आणि येताना वाढदिवस उलटून गेलेला, तर परतीला खुर्ची घ्यावीच लागते. पंडिता रमाबाई १८८३ साली मनोरमेला घेऊन बोटीनं इंग्लंडला निघाल्या, तेव्हा मनोरमा नुकतीच दोन वर्षांची झाली होती. आजच्या विमानानं गेल्या असत्या तर खिडकीवरच्या माणसानं मनोरमेचं वेगळं तिकीट फाडायला लावलं असतं. नवरा गेलेली, पंचविशीची बाई, कडेवर पोर आणि पुढे समुद्र. त्यांनी कुठला तक्ता केला होता, देव जाणे.

असो. येतानाचं विमान युरोपातून बदलायचं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. लांबच्या विमानांत काही रांगांच्या पुढे खुर्ची नसते, भिंत असते. त्या भिंतीला एक छोटा पाळणा अडकवता येतो. बॅसिनेट म्हणतात त्याला. त्याला वजनाची अट असते, कुणाकडे दहा-अकरा किलो, कुणाकडे चौदा, आणि बऱ्याच ठिकाणी बाळाच्या लांबीचीही. विमानात असे पाळणे मोजकेच. शिवाय एका रांगेत किती तान्ही मुलं बसवायची यालाही मर्यादा असते, कारण बहुतेक विमानांत डोक्यावरचे प्राणवायूचे मुखवटे त्या-त्या खुर्च्यांच्या गटाला एखादाच जादा असतो. लेकीनं दोनदा फोन करून पाळणा मागितला होता. "नोंद केली आहे," असं उत्तर दोन्ही वेळा आलं. बँकेतही आम्ही हेच वाक्य वापरायचो, त्यामुळे मला ते ऐकून तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती. विमानात चढल्यावर कळलं की नोंद होती, पाळणा नव्हता; तो दुसऱ्या बाळाला गेला होता. नऊ तास दोघांनी आळीपाळीनं मूल हातावर झुलवलं.

आणि मग मुंबई, रात्री दीड वाजता. युरोपातली विमानं मुंबईत मध्यरात्रीच का उतरतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं होता. त्याचं उत्तर जावयांनी दिलं. तिथल्या अनेक विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांना बंधनं आहेत. फ्रँकफर्टला तर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच उड्डाणबंदी. म्हणून इकडून विमान मध्यरात्रीनंतर सुटतं, सकाळी तिकडे पोचतं, आणि तिथून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांचा ताफा निघतो. दुपारी तोच ताफा उलट्या दिशेनं. अशा एकमेकांना जोडलेल्या विमानांच्या ताफ्याला त्या धंद्यात 'बँक' म्हणतात. हे ऐकून मला उगाचच बरं वाटलं.

पण धाराशिवच्या माणसाचा प्रवास मुंबईत संपत नाही. तिथून पुढे चारशेच्या वर किलोमीटर. विमानाच्या कुठल्याही तक्त्यात हा टप्पा दिसत नाही. खंडाळ्याच्या घाटात नातीनं पहिली उलटी केली. पुण्याच्या अलीकडे दुसरी. मी गाडीत पुढच्या खुर्चीवर बसून मागे वळून बघत होतो. लेकीचा चेहरा असा झाला होता की काही विचारायची सोय नव्हती. इंदापूरच्या पुढे उजाडलं तेव्हा कुठे पोर झोपलं.

टेंभुर्णीच्या अलीकडे चहाला थांबलो. हंगाम ऐन भरात होता. रस्त्याच्या कडेला उसाची बैलगाडी उभी होती आणि गाडीच्या खाली, दोन चाकांच्या मध्ये, लुगड्याची झोळी बांधलेली. झोळीत लेकरू. त्याची आई बैलांना पाणी दाखवत होती. बोलण्यावरून आमच्याच बाजूचं वाटलं. विचारलं तर कळंब तालुक्यातलं निघालं. लेकीनं आमच्या गाडीतून त्या झोळीकडे बराच वेळ बघितलं. "पाळणा मिळालाय तिला," एवढंच म्हणाली. मी चहाचे पैसे दिले आणि आम्ही निघालो. कुर्डुवाडी, बार्शी, आणि प्रत्येक गतिरोधकाला नात जागी.

घरी पोचल्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि आईनं पोर मांडीवर घेतलं. चार दिवस बाळाची रात्र आणि दिवस उलटे होते. रात्री दोन वाजता आई आणि नात दोघीच जाग्या, बाकी घर ढाराढूर. म्हातारपणाची झोप आणि अमेरिकेची झोप यांची वेळ बरोबर जमली होती.

त्या रात्रींमध्येच आईनं मला माझा पहिला प्रवास सांगितला. १९५९ साल. मी सहा महिन्यांचा. तेव्हा आमच्या गावाला रेल्वे नव्हती, येडशीला जाऊन बार्शी लाइटची छोटी गाडी पकडायची. आईचं माहेर पंढरपूरकडचं. "गाडी कसली रे ती, माणूस उतरून चालत गेला तर म्होरं जाईल. तू कुर्डुवाडीपतुर रडलास." मी विचारलं, मग कसं केलंस? "शेजारी एक वारकरी बाई होती. तिनं घेतलं तुला. मी दोन घास खाल्ले अन् पाय मोकळे करून आले." मग थोडं थांबून म्हणाली, "गाडी कुठली चांगली? जिच्यात शेजारीण चांगली बसली ती."

मी हसलो. हा रकानासुद्धा तक्त्यात नव्हता, पण तो भरायचा कसा?

जावयांची रजा संपली, ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत गेले. लेक आणि नात फेब्रुवारीत जाणार होत्या. म्हणजे आता एकटी बाई आणि नऊ महिन्यांचं मूल. येताना चार हात होते, जाताना दोन. लेक वरवर हसत होती, पण एक दिवस ओट्याशी उभी राहून तिनं आमच्या हिला विचारलेलं मी ऐकलं, "आई, मला बाथरूमला जायचं झालं तर हिला कुणाकडे देऊ?" सोळा-सोळा तासांच्या प्रवासाचा सगळा प्रश्न त्या एका वाक्यात होता. हवाई सुंदरी मूल सांभाळतीलच असं नाही. ते त्यांचं काम नाही आणि विमान भरलेलं असलं तर त्यांना सवडही नसते.

आणखी एक वाद होता तो खुर्चीचा. मांडीवर न्यायचं की बाळाला स्वतंत्र खुर्ची घेऊन तीवर विमानाला चालणारं बाळाचं आसन बांधायचं? जावयांचा आग्रह खुर्चीचा. त्यांनी मला फोनवर एक हकिकत सांगितली. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी इथे युनायटेडचं एक विमान कोसळलं. २९६ माणसं होती, ११२ गेली. त्यात मांडीवरची चार मुलं होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे कर्मचाऱ्यांनी आयांना सांगितलं की मूल पायाशी जमिनीवर ठेवा आणि धरून राहा. चारातलं एक वाचलं नाही. तिथल्या मुख्य परिचारिका जॅन ब्राउन यांनी पुढे कित्येक वर्षं एकच मागणी लावून धरली की तान्ह्या मुलालाही स्वतःची खुर्ची सक्तीची करा. अमेरिकेच्या विमान प्रशासनानं शिफारस केली, सक्ती केली नाही. त्यांचं म्हणणं असं की सक्ती केली तर भाडं परवडत नाही म्हणून काही कुटुंबं मोटारीनं जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं दगावतील. या युक्तिवादात हिशेब आहे, हे मला नाकारता येत नाही. तरी तो वाचून गार वाटतं असंही नाही.

मी खुर्चीचे पैसे द्यायला तयार झालो. या वेळी रेघ मारताना हात जड झाला नाही. पण लेक म्हणाली, "बाबा, खुर्ची घेतली तर ते आसन विमानतळभर कोण वाहणार? एका हातात ही, एका हातात ते, पाठीवर पिशवी?" तिनं मांडीवरचंच तिकीट काढलं. मी गप्प बसलो. अजूनही त्या निर्णयाबद्दल माझ्या मनात दोन मतं आहेत आणि दोन्ही माझीच आहेत.

मुंबईचा रस्ता पुन्हा नको, यावर मात्र घरात एकमत होतं. तेव्हा आई आतल्या खोलीतून म्हणाली, "मग हैदराबादेवरून का नाही पाठवत तिला? ते काय परमुलूख हाय का?"

आई लग्न होऊन या घरात आली १९५३ साली. तेव्हा आमचा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ला तो मुंबई राज्यात आला. तिच्या सासऱ्यांची कोर्टाची कामं हैदराबादला, आजारपणं हैदराबादला, बांगड्या हैदराबादच्या. मुंबई आमच्या घरात पुष्कळ उशिरा आली. मी नकाशा काढला. धाराशिवहून तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा आणि पुढे हुमनाबाद, जहीराबाद करत शमशाबादचा विमानतळ तीनशेच्या थोडा पुढे. खंडाळ्यासारखा घाट नाही. मुंबईपेक्षा शंभरेक किलोमीटर कमी. २००८ पासून हा विमानतळ तिथे आहे आणि माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. एमिरेट्स दुबईवरून, कतार एअरवेज दोह्यावरून, ब्रिटिश एअरवेज लंडनवरून, आणि लुफ्थान्सा त्याच जानेवारीत फ्रँकफर्टवरून सुरू झालेली, असे पर्याय समोर आले.

आम्ही आखाताकडून जाणारं, पहाटे चारच्या सुमाराचं विमान निवडलं. संध्याकाळी सहाला धाराशिव सोडायचं, म्हणजे बाळाची झोपेची वेळ गाडीत येते. अडीच तासांत पुढचं विमान. ते न्यूयॉर्कला दुपारी उतरतं, बाप दिवसाउजेडी दारात हजर. विमान कोणत्या बनावटीचं हेही या वेळी बघितलं. विमानातली हवा म्हणजे उंच डोंगरावरची हवा असते. जुन्या विमानांत ती आठ हजार फुटांपर्यंत जाते, म्हणजे उटीच्याही वर. बोइंग ७८७ किंवा एअरबस ३५० सारख्या नव्या विमानांत सहा हजारांच्या आसपास ठेवतात, हवा कोरडीही कमी. कानांना फरक पडतो. बाळाला दूध पाजायचं ते उडताना नव्हे तर उतरताना जपून, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. चोखताना, गिळताना कान मोकळा होतो. उतरणं जमिनीला लागण्याआधी अर्धा तास सुरू होतं. तेव्हा बाळाला उठवून पाजायचं, झोपलंय म्हणून सोडायचं नाही. दुधाला शंभर मिलिलिटरची मर्यादा लागू नसते. मात्र बाटली तपासणीत बाहेर काढून दाखवावी लागते. पाळण्याचं काय, तर लेकीनं या वेळी फोनवर "नोंद केली" यावर समाधान मानलं नाही, खुर्चीचा क्रमांक लेखी मागवला. वजन साडेआठ किलो, मर्यादा अकरा. पट्टे बांधायची सूचना लागली की पाळण्यातून मूल काढून घ्यावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे उचली आणखी वाढल्या.

हे सगळं गणित पुढच्या वर्षी साफ फिरलं, तेही सांगतो. २०२५च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि आपल्या कंपन्यांच्या पश्चिमेकडच्या वाटा लांबल्या. १२ जूनला अहमदाबादेत लंडनचं विमान कोसळलं. त्याच जूनमध्ये आई गेली. २३ तारखेला कतारचं आकाश बंद झालं आणि त्या भागातली विमानं जिथल्या तिथे अडकली. लेक यायचं म्हणत होती. नात मे महिन्यातच दोन वर्षांची झाली होती, म्हणजे पूर्ण खुर्ची, आणि तिकिटंही भलत्याच भावाची. पैशाचा प्रश्न नव्हता. पण त्या महिन्यात, त्या आकाशातून, एकटीनं मूल घेऊन ये असं म्हणायला आमची जीभ रेटली नाही. नको येऊस, असं मीच सांगितलं. पणजीची आणि तिची भेट झाली ती त्या दोन महिन्यांची.

तर २०२४चा फेब्रुवारी. उमरग्याच्या अलीकडेच पोर झोपलं ते शमशाबादला पोचेपर्यंत उठलं नाही. विमानतळावर तिकीट नसलेल्याला दारापर्यंतच जाता येतं. जवानानं पासपोर्ट बघितले, बाळाच्या फोटोकडे आणि बाळाकडे आळीपाळीनं बघितलं, मग हसून आत सोडलं. फोटो तीन आठवड्यांच्या बाळाचा, त्यातून काय ओळखणार! काचेच्या पलीकडे लेक एका हातानं बाबागाडी ढकलत आणि एका हातानं पिशव्यांची गाडी ओढत गेली. आमची ही काचेला हात लावून उभी होती. आई फोनच्या पडद्याला लावायची तसाच.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेबाराला फोन आला. पोचलो. पाळणा मिळाला, नात त्यात चार तास झोपली, मधे हादऱ्यांमुळे तीनदा काढावी लागली. आईला झोप नव्हतीच, ती काठी टेकत बाहेर आली आणि फोन माझ्या हातातून घेतला.

"बाई, शेजारी कोण होतं?"

लेक पलीकडून हसली. हैदराबादहून अमेरिकेला जाणारं ते विमान लेकरांकडे निघालेल्या तेलुगू आज्यांनी भरलेलं होतं. शेजारी करीमनगरकडची एक म्हातारी होती. कपाळाला मोठं कुंकू, पायात बूट आणि वर नेसूची साडी. हिला तेलुगू येत नाही, तिला मराठी नाही, हिंदीचे चार शब्द. आखाताच्या पुढे गेल्यावर तिनं खूण करून मूल मागून घेतलं. सोबत चिंचभात होता, तो हिला खायला लावला. न्यूयॉर्क येईपर्यंत तीनदा ती बाळाला घेऊन बसली.

"बाथरूमला गेलीस का नीट?" आईनं विचारलं.

"हो पणजी, दोनदा. तोंडसुद्धा धुतलं."

आईनं फोन परत माझ्या हातात दिला आणि झोपायला गेली.